दोनदा पाय आपटला की

माणसांच्या तोंडांबद्दल ससाणीचं मत फारसं चांगलं नव्हतं. चौथ्या वर्षी तापात दोन्ही कान गेले, तेव्हापासून ती तोंडंच बघत आली होती, आणि जितकी जास्त बघितली तितकं मत आणखी खाली गेलं होतं. कुणी शब्द चघळायचं, कुणी ओठ आत ओढून तोलूनमापून बोलायचं. हिला ऐकू येत नाही असं कळलं की काही भली माणसं एवढा मोठा आ करून बोलायची की समोरच्याने दाढा तपासून घ्याव्यात. आणि मिशा! ओठांवर मिशी सोडणाऱ्या माणसाला बोलण्याचा अधिकारच नसावा, असं तिचं ठाम मत होतं.

ससाणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती काम करायची त्या लाँड्रीच्या मुकादमाला जन्मात एकदाच विनोद सुचला. ही पोरगी संध्याकाळी बॉक्सिंग शिकायला जाते हे कळल्यावर तो म्हणाला, "म्हणजे आपल्याकडे बहिरी ससाणाच आला की!" आणि पोट धरून एकटाच हसला. लाँड्रीतल्या बायकांनी त्याचा विनोद टाकून दिला आणि नाव तेवढं ठेवून घेतलं.

तर आज तिच्यासमोर तीन तोंडं बसली होती. बॉक्सिंग संघटनेच्या ऑफिसात, काच लावलेल्या टेबलापलीकडे. मागच्या कपाटात चषकांची दाटी होती आणि कपाटाला कुलूप होतं; एवढ्या चषकांना पळवून नेऊन कोण काय करणार होतं, देव जाणे. मधलं तोंड अध्यक्षांचं, नाडी ओढलेल्या बटव्यासारखं. उजवीकडे डॉक्टर, आणि डॉक्टरांना मिशी. डावीकडे ज्यांना सगळे 'नियमवाले' म्हणत ते गृहस्थ. ते बोलताना पंख्याकडे बघत, त्यामुळे त्यांची हनुवटी तेवढी दिसायची.

प्रश्न साधा होता. बहिऱ्या मुलीला कान असलेल्या मुलींशी रिंगमध्ये उतरू द्यायचं की नाही? पुढच्या महिन्यात निवड चाचणी होती. ससाणीने तीन वर्षं त्यासाठीच घाम गाळला होता. कोचने तिचं नाव पाठवलं आणि संघटनेच्या पोटात गोळा आला.

ससाणीशेजारी मावशी बसली होती. आई गेल्यावर हिनेच तिला लहानाची मोठी केलेली. समितीची तोंडं हातांत उतरवायची आणि ससाणीचे हात तोंडाने बोलून दाखवायचे, हे मावशीचं काम. खुणांची भाषा दोघी मिळून शिकल्या होत्या, आणि ज्या खुणा सापडल्या नाहीत त्या दोघींनी घरच्या घरी तयार केल्या होत्या. ससाणीला थोडं बोलता यायचं. पण तिचा आवाज कानावर पडला की लोकांचे चेहरे कसे होतात ते तिने पाहिलं होतं. परक्यांसाठी ती तोंड उघडायची नाही.

"घंटा वाजली तर हिला कळणार कसं?" अध्यक्षांनी विचारलं.

"दिवा लावा," ससाणीने हातांनी सांगितलं आणि मावशीने बोलून दाखवलं. "घंटेबरोबर लाल दिवा. आणि पंचांनी थांबवायचं असेल तर खांद्याला हात लावायचा."

"पण मागून कोचने सूचना दिली तर?"

"कोच काय ओरडतो ते कान असलेल्यांनाही कळत नाही. त्यालाच विचारा."

मागे उभ्या असलेल्या कोचने मान डोलावली. त्याचं नाक तरुणपणी दोनदा मोडलेलं होतं आणि तो फार बोलायचा नाही, म्हणून ससाणीला तो बरा वाटायचा.

मग डॉक्टरांना शास्त्र आठवलं. ते उठले, ससाणीच्या पाठीमागे गेले आणि त्यांनी जोरात टाळी वाजवली. कपाटाच्या काचेत त्यांचे वर गेलेले दोन्ही हात ससाणीला स्वच्छ दिसले. असल्या पोरकटपणाची तिला इतकी चीड आली की टाळी वाजताक्षणी तिने वळून त्यांच्याकडे रोखून पाहिलं.

डॉक्टरांची मिशी थरथरली. "हिला ऐकू येतंय की!"

आणि पुढचा पाऊण तास समिती एका नव्याच घोळात अडकली. ही बहिरी आहे म्हणून नको म्हणायचं, की बहिरेपणाचं सोंग करते म्हणून नको म्हणायचं? नियमवाल्यांनी पंख्याला विचारून पाहिलं. अध्यक्षांनी बटवा सोडला, आवळला. शेवटी कोच पहिल्यांदा बोलला. "एक लढत घ्या की. बघा आणि ठरवा." तिघांनाही हायसं वाटलं, आज काही ठरवायचं नव्हतं. लाल दिवा बसवायला हरकत नाही असं एकमताने ठरलं. एका दिव्यासाठी तीन मोठ्या माणसांचं एकमत व्हावं लागतं, हे ससाणीला त्या दिवशी समजलं.

लाँड्रीत मात्र कुणाला कुणाची परीक्षा घ्यावी लागत नसे, कारण तिथे सगळेच बहिरे. मोठमोठी धुलाई यंत्रं घरघरत, वाफ सूं सूं करत सुटे, आणि शेजारच्या बाईने कानात तोंड घातलं तरी ऐकू येत नसे. त्यामुळे ससाणी कामाला लागल्यापासून दोन वर्षांत सगळ्या बायका हातांनी बोलायला लागल्या होत्या. सुना, सासवा, मुकादमाचं टक्कल, सगळं हातांवर चालायचं. मुकादमाला एवढंच कळायचं की आपल्याबद्दल काहीतरी चाललंय.

चादरींना इस्त्री करायचं यंत्र म्हणजे दोन तापलेले लांबलचक रोलर. ओली चादर दोघींनी दोन टोकांना धरून आत सारायची. ती पलीकडून कडक होऊन बाहेर येते. चादर आत जाताना बोटं घेऊन जाऊ शकते, म्हणून तिथे एक नियम होता. यंत्रापुढे लाकडी फळ्यांचा ओटा होता. ओरडून उपयोग नाही, तेव्हा फळीवर पाय आपटायचा. एकदा आपटला म्हणजे 'इकडे बघ'. दोनदा आपटला म्हणजे 'हात काढ!' दोनदा आपटल्यावर बघायचं नाही, विचारायचं नाही, आधी हात काढायचे. ससाणी नवी असताना एकदा ओल्या चादरीची गुंडाळी तिच्या मनगटाला बसली होती आणि बोटं रोलरच्या तोंडाशी गेली होती. मावशीही त्याच लाँड्रीत कामाला; तेव्हा समोरच्या टोकाला तीच होती. मावशीने दोनदा पाय आपटला, ससाणीचे हात आपोआप मागे आले, आणि चादर एकटीच आत गेली. तेव्हापासून तो नियम ससाणीच्या डोक्यात नव्हता, थेट हातांत होता.

लढतीच्या आदल्या दिवशी चादर सारता सारता मावशीने एका हाताने विचारलं, "तोंडावर मार खायला तुला मोठी केली का मी?"

"मार देते पण मी. ते तुला दिसत नाही."

"कान गेले तेवढं पुरे नाही झालं? आता डोळे घालव. मग मी तुझ्याशी बोलू कशी?"

ससाणीला राग आला. "तुझं काम सांगण्याचं आहे, सल्ल्याचं नाही," तिने हात झटकून म्हटलं आणि दिवसभर मावशीकडे पाहिलं नाही. हातांनी बोलणाऱ्याशी अबोला धरायचा तर एवढंच करायचं असतं.

लढतीच्या दिवशी हॉल भरला होता. बॉक्सिंग कधी न बघणारेही आले होते, 'बिचारी'ला बघायला. अध्यक्षांनी भाषण केलं. ससाणी रिंगच्या कोपऱ्यातून त्यांचा बटवा वाचत होती. 'प्रेरणा' हा शब्द तिने पाच वेळा पाहिला आणि मग डोळे दुसरीकडे वळवले. पहिल्या रांगेतल्या एका बाईने आधीच डोळ्यांना पदर लावला होता. अजून एक ठोसा पडला नव्हता, आणि हिचं रडून झालं होतं! प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, मग टाळ्या ऐकू येणार नाहीत हे लक्षात येऊन सगळ्यांनी हात वर करून हलवले आणि स्वतःच्या समंजसपणावर खूश होऊन एकमेकांकडे पाहिलं. लाँड्रीतल्या बायका तेवढ्या मागून हातांनी ओरडत होत्या, "फोड तिला!" त्यांच्याकडे बघून ससाणीला जरा बरं वाटलं.

मावशीला बसवलं होतं कोपऱ्यालगत, रिंगला जोडून ठोकलेल्या फळीवर खुर्ची टाकून. दोन राऊंडच्या मध्ये कोचचं बोलणं तिने हातांनी सांगायचं, असं ठरलं होतं. ससाणीचं बोलणं मात्र कुणालाच कळणार नव्हतं. एकदा ग्लोव्ह्ज चढवले की ती खरोखरच मुकी व्हायची.

समोरची मुलगी डावखुरी, ससाणीपेक्षा वीतभर उंच, आणि तिच्या चेहऱ्यावर दयेचा मागमूस नव्हता. ससाणीला ती बघताक्षणी आवडली.

पहिला राऊंड ससाणीचा झाला. ती खांदे वाचायची. ठोसा हातातून निघण्याआधी खांद्यात ठरतो, आणि ज्या मुलीने जन्मभर ओठ वाचले तिला खांदा म्हणजे मोठ्या अक्षरातली पाटी. ती आत शिरायची, बरगड्यांवर दोन देऊन बाहेर यायची. लाल दिवा लागला तेव्हा तिने हात त्याच क्षणी थांबवले, आणि नियमवाल्यांनी पहिल्यांदाच पंख्यावरून नजर खाली आणली.

दुसऱ्या राऊंडमध्ये डावखुरीने हिशेब बदलला. तिने लांबूनच डावा हात सोडायला सुरुवात केली. एक ससाणीच्या नाकावर बसला आणि रक्त आलं. नाकातून रक्त येतं; ते नाकाचं कामच आहे. ससाणीने हात वर घेतले, हनुवटी खाली घेतली आणि आत शिरायची वाट शोधू लागली. वाट दिसली. डावखुरीच्या डाव्या बरगड्या उघड्या पडल्या होत्या.

आणि तळपायांना फळीचा धक्का लागला. दोनदा.

ससाणीचे हात खाली गेले. तिने खाली घेतले नाहीत, ते गेले. चेहरा उघडा पडला, आणि डावखुरीने तिचं जे काम होतं ते चोख केलं.

डोळे उघडले तेव्हा छताचे दिवे होते आणि पंचांची बोटं. तीन. चार. बोटं सगळ्यांनाच दाखवतात, कान असलेल्यांनाही. त्यासाठी कुठल्या समितीचं एकमत लागलं नव्हतं. पाचाला ती गुडघ्यावर आली, सातला उभी राहिली. पंचांनी तिच्या डोळ्यांत पाहिलं, ग्लोव्ह्ज पुसले आणि लढत सुरू ठेवली.

मार तिला नवा नव्हता. पण ते दोन धक्के तिने ओळखले होते. पहिला हलका, दुसरा जड, कारण मावशीचा उजवा गुडघा दुखायचा आणि तिचा जोर नेहमी दुसऱ्यांदा यायचा. अध्यक्ष, डॉक्टर, नियमवाले, साऱ्या गावाची दया, कुणालाही तिला थांबवता आलं नव्हतं. तिला कुठे दाबलं की ती थांबते हे जगात एकाच माणसाला माहीत होतं, आणि त्या माणसाने दाबलं होतं.

लाल दिवा लागला. ती कोपऱ्यात स्टुलावर बसली. कोचने नाक पुसलं आणि काहीतरी म्हणाला. मावशी दोरांपाशी वाकली. तिने कोचचं बोलणं सांगायला हात उचलले, पण अर्ध्यावरच ते परत पदरात घेतले. डोळे भरले होते, आणि ती ससाणीकडे बघत नव्हती. ससाणीचे हात ग्लोव्ह्जमध्ये कोंडलेले. तिने दोराखालून पाय पुढे सरकवला आणि मावशीच्या पावलावर बूट ठेवून एकदाच, जोरात दाबलं. मावशीने मान वर केली. तिला कळलं, की हिला कळलंय.

तिसरा राऊंड ससाणी अशी लढली की रडणाऱ्या बाईचा पदर खाली आला. तरी गुणांवर ती हरली. एकदा आडवं पडल्याची भरपाई सहज होत नाही, आणि व्हायलाही नको. पंचांनी डावखुरीचा हात वर केला.

मग लोक आले. पाठीवर थोपटून गेले, गालाला हात लावून गेले. एकाने तर तिच्याऐवजी कोचलाच सांगितलं, की हिला सांगा, हरली तरी आमच्यासाठी हीच जिंकली. हरलेल्या माणसाला हरूसुद्धा देत नाहीत हे लोक! ससाणीला वाटलं, यांच्यातल्या एकेकाला रिंगमध्ये घ्यावं.

सर्वांत शेवटी डावखुरी आली. ती सरळ समोर उभी राहिली, तोंडातलं रबर काढलं, आणि आ न करता नेहमीसारखं बोलली.

"हात खाली सोडून कोण उभं राहतं गं? येडी आहेस का? पुढच्या वेळी असं केलंस तर दातच पाडीन."

आणि निघून गेली. ससाणी तिच्या पाठीकडे बघत राहिली. आख्ख्या दिवसात पहिल्यांदा तिला कुणीतरी बॉक्सर म्हणून शिवी दिली होती. तिला इतका आनंद झाला की नाकातून पुन्हा रक्त आलं.

समिती तिथेच, हॉलमागच्या खोलीत बसली. तीच तीन तोंडं, फक्त काचेचं टेबल नव्हतं.

"तिने मध्येच हात का सोडले?" डॉक्टरांनी विचारलं. मावशीने ते हातांनी सांगितलं. डॉक्टर पुढे म्हणाले, "घंटा वाजली नव्हती, दिवा लागला नव्हता. हिला भास झाला का? भास होत असतील तर प्रश्नच मिटला."

नियमवाले म्हणाले, "बाकी लढतीत तक्रारीला जागा नाही. सगळं या एका उत्तरावर आहे."

ससाणीने खुर्ची फिरवली आणि मावशीच्या समोर तोंड करून बसली. खरं काय ते दोघींनाच माहीत होतं. खरं सांगितलं की संपलं. कुणीही पाय आपटला की हिचे हात खाली जातात, हे ऐकल्यावर तिला कुठल्याच रिंगमध्ये कुणी उभं केलं नसतं. मावशीला तर तेच हवं होतं. एक खरं वाक्य, आणि तिची भाची जन्मभर धड नाकाने घरी राहिली असती.

ससाणीने हात उचलले. सावकाश, एकेक खूण सुटी करून ती म्हणाली, "चूक झाली. मी हात खाली सोडले. सगळ्यांकडून होते तशी माझ्याकडून झाली."

मग तिने हात मांडीवर ठेवले. तिच्याकडे आता करण्यासारखं काही नव्हतं. तिचा आवाज मावशीच्या तोंडात होता, आणि ते तोंड ती वाचू लागली. या एका तोंडाबद्दल तिने आजवर कधी वाईट मत केलं नव्हतं.

मावशीचे ओठ मिटले, उघडले. "मी," ती म्हणाली आणि थांबली.  

"मी सांगते ती काय म्हणते ते," मावशी म्हणाली. "ती म्हणते, चूक झाली. हात खाली सोडले. सगळ्यांकडून होते तशी तिच्याकडून झाली." एवढं सांगून तिचं काम संपलं होतं. पण मावशी थांबली नाही, आणि पुढचं बोलताना तिचे हातही बरोबर बोलत राहिले. "आता हे माझं. कान असलेल्या किती पोरी तुमच्यासमोर आडव्या पडल्या असतील. त्यांना कधी विचारलंत, भास झाला का म्हणून? त्यांना म्हणता, हात वर ठेव. मग हिलाही तेच म्हणा आणि मोकळे व्हा."

अध्यक्षांचा बटवा उघडला तो बराच वेळ उघडाच राहिला. कोचने खिडकीकडे तोंड केलं. त्याचे खांदे हलत होते. नियमवाल्यांनी पंखा शोधला, तर त्या खोलीत पंखाच नव्हता.

परवानगी मिळाली. पण समितीने काही न जोडता परवानगी दिली तर ती समिती कसली? तिघांनी डोकी एकत्र घातली आणि एक अट काढली. खेळाडूच्या सुरक्षेसाठी तिच्या ओळखीच्या एका जबाबदार व्यक्तीने दर लढतीत रिंगलगत फळीवर बसावं आणि धोका दिसल्यास खेळाडूला तात्काळ सावध करावं. जबाबदार व्यक्ती म्हणून त्यांनी मावशीचंच नाव घातलं. आपल्या दूरदृष्टीवर अध्यक्ष इतके खूश झाले की त्यांनी मावशीचे दोन्ही हात हातात घेतले. ससाणीला हसू आवरेना. डॉक्टरांना वाटलं, आनंदाने हसतेय बिचारी.

 दुसऱ्या दिवशी यंत्रावर दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या, चादरी आत गेल्या, बाहेर आल्या. दुपारी मावशी एवढंच म्हणाली, "रक्त बघितलं आणि पाय गेला. मी नेला नाही." ससाणीने तिच्याकडे पाहिलं. "माझे हातही तसेच गेले," ती म्हणाली. मग दोघींनी पुढची चादर उचलली.

निवड चाचणीच्या दिवशी रिंग उंच होती आणि दिवे प्रखर. लाल दिवा जागेवर होता. मावशीच्या खुर्चीवर संघटनेने 'सुरक्षा' अशी पाटी लावली होती. ससाणी दोरातून आत शिरली, तोंडातलं रबर दातांनी नीट बसवलं आणि समोर पाहिलं. समोर तीच डावखुरी होती, आणि तिने ससाणीकडे बघून स्वतःचे दोन्ही हात हनुवटीशी नेऊन दाखवले. हात वर ठेव, येडे.

ससाणीने हात वर घेतले. मग दिवा लागण्याआधी तिने एकदाच खाली मावशीकडे नजर टाकली.

मावशीने चपला काढून खुर्चीखाली सारल्या होत्या. दुखरा गुडघा हाताने उचलून तिने आधी तो पाय खुर्चीवर घेतला, मग दुसरा, आणि घट्ट मांडी घालून बसली. दोन्ही पावलं तिने दोन्ही हातांनी धरून ठेवली होती, आणि ती चेहरा वर करून रिंगकडे बघत होती.